चंपा तडसाचे पालक

"मॅडम, वाघ बुक असेल तर बिबट द्या. तडस नको." फोनवर हिंगण्याच्या एका कंपनीचे एचआर मॅनेजर होते. मी बिबट लिहून घेतला.

मी नागपूरजवळच्या एका बचाव केंद्रात जनावरांची डॉक्टर आहे. जखमी होऊन आलेली, परत जंगलात सोडता न येणारी जनावरं आमच्याकडे राहतात. लोक ती दत्तक घेतात, पण नावापुरती. जनावर इथंच राहतं, पालक त्याच्या खर्चाला हातभार लावतात. बदल्यात सर्टिफिकेट मिळतं आणि पिंजऱ्यावर नावाची पाटी लागते.

चंपाच्या पिंजऱ्यावर पाटी नव्हती. गाडीच्या धडकेत मागचा एक पाय गेलेली ही तडसाची मादी. सिमेंटवर चालून दुसऱ्या पायाला जखमा होत होत्या. पालक मिळाला, की मऊ मातीचं अंगण करायचं ठरलं होतं. पण केंद्राचे साहेब तिचा फोटोच दत्तकाच्या ब्रोशरमधून काढायला निघाले होते.

"लोक पान उलटतात हो," ते म्हणाले.

"थोडं थांबा सर," मी म्हटलं.

त्याच आठवड्यात कन्हानहून वर्षाताई आमचं ब्रोशर घेऊन आल्या. त्यांचं ब्युटी पार्लर आहे. मी सवयीनं हरणांकडे वळले.

"ते नाही. मले तडस पाह्यचं आहे."

"तडसच का?"

"तिले कोणी घेतलं नसन म्हणून."

आम्हाला पाहताच चंपा कोपऱ्यात गेली. मानेवरचे केस ताठ उभे.

"रागावली काय?"

"घाबरली. घाबरलं की तडस केस उभे करतं, मोठं दिसायला."

आम्ही दोन पावलं मागं सरलो. बऱ्याच वेळानं केस बसले. चंपा लंगडत पाण्याशी आली.

"केस पाहा तिचे," वर्षाताई हळूच म्हणाल्या. "एवढ्यासाठी बाया माझ्याकडं चकरा मारून राहिल्या. अन् तुम्ही ब्रोशरातला फोटो समोरून काहून काढला? समोरून तर मीही आधार कार्डावर चोरच दिसते."

त्यांनी मोबाइलवर बाजूनं फोटो काढला आणि लगेच चंपाला दत्तक घेतलं. फोटो मोठा करून पार्लरच्या आरशाशेजारी लावला. येणाऱ्या बायका विचारू लागल्या. त्यांतल्या तिघी चंपाच्याच पालक झाल्या.

अंगण झालं. पहिल्या दिवशी चंपा मातीत लोळली, मग खड्डा खणून त्यातच झोपली. पायाच्या जखमा भरत आल्या.

साहेबांनी वर्षाताईंचा फोटो छापलेलं नवीन ब्रोशर हातात घेतलं. "हे कोणतं जनावर? छान आहे."

"चंपा, सर."

ब्रोशरच्या पानावर पूर्वी सगळ्यात वर असायची ती जनावराची दुःखाची कहाणी मी आता शेवटी लिहिते. आधी चांगला फोटो.