कुडपणच्या मांडवातली हळदीची वाटी

कॉलेजात पाहिलेला एक जुना कृष्णधवल सिनेमा माझ्या डोक्यातून गेलाच नाही. विधवेला वाळीत टाकणाऱ्या गावाचा. भेटेल त्याला मी तो दाखवत सुटते, घरचे वैतागलेत. म्हणून मैत्रीण वैशाली म्हणाली, “भाचीच्या हळदीला आमच्या गावी कुडपणला ये, वहिनीलाही तो सिनेमा दाखव,” तेव्हा मी आधी लॅपटॉप भरला, मग साडी. वैशालीचा भाऊ जाऊन दोन वर्षं झाली. लेकीला आपल्या हाताने हळद लावायची वहिनींची फार इच्छा होती, पण रिवाज सवाष्णींचा.

वीर स्टेशनवर उतरलात तर महाडपर्यंतच्या रिक्षाचं भाडं बसण्याआधीच ठरवा. महाडहून एसटीने पोलादपूर, पुढे जीप. पोलादपूरला मिसळ बेतानेच खा. मी दोन प्लेट हाणल्या आणि घाटाच्या प्रत्येक वळणावर पस्तावले. वर मात्र वारा असा, की मे महिन्यातही पदर सावरता येईना.

दुपारी पडवीत सिनेमा लावला. आठ-दहा बायका जमल्या. संपल्यावर एक म्हातारी म्हणाली, “तिला घराभायेर काढली तवा गावातल्या बाया काय करीत व्हत्या?” मग मीच एक भाषण ठोकलं.

“म्हंजे उद्या मी बसू मांडवात?” वहिनींनी हळूच विचारलं.

“बसायचंच!” मी ऐटीत म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी खरंच आल्या, नवी साडी नेसून माझ्या शेजारी बसल्या. इथे आपली हळद लावून झाली की वाटी शेजारणीला द्यायची. मी नवरीच्या, स्नेहलच्या, गालाला हळद लावली. वहिनींनी हात पुढे केला. आणि मी वाटी त्यांच्या हातावरून पलीकडच्या काकूंना दिली. मुद्दाम नाही, सवयीने, आजवर प्रत्येक हळदीकुंकवात दिली तशी. वहिनींनी हात पदराखाली घेतला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

स्नेहल पाटावरून उठली. “आय लावील तवाच मी बसंन.”

“अगो, शुभ कामात असा—” काकू म्हणाल्या.

“माझी आय अशुभ हाय काय?”

 काकूंनी वाटी मागे दिली. वहिनींनी इतक्या घाईने लावली की थोडी हळद स्नेहलच्या डोळ्यात गेली. दोघी रडल्या, मग हसल्याही.

परतताना महाडजवळ सवच्या गरम पाण्याच्या झऱ्यांवर थांबले. जागा छान आहे, जरूर जा. माझं मात्र तिथे मन लागलं नाही.

घरी येऊन आठवडा झाला. सगळे विचारतात, लोकांना सिनेमा कसा वाटला? आवडला, म्हणते. वाटीबद्दल बोलत नाही. काल शेवटी वहिनींना फोन करून माफी मागितली. 

“तुमी तर पाव्हण्या,” त्या म्हणाल्या. “आपल्या वैशालीच्या हळदीला माझ्या सासूबाय पण असाच हात पुढं करून बसल्या व्हत्या, विधवा व्हत्या ना. तवा वाटी माझ्या हातात व्हती. मी पुढं दिली. त्या कवा काय बोलल्या नाय. आता त्या गेल्या, माफी मागायची राह्यलीच.”