चिंचेनं घासलेला रुपया

जुन्या नाण्याले घासू नका, हे मी लोकांले फोनवर सांगून सांगून थकलो. घरात मात्र माहं कोण ऐकते!

उमरखेडले माहं सायकल दुरुस्तीचं दुकान हाय. हौस म्हणून मी ऑनलाइन लिलावात जुनी नाणी घेतो, इकतो. माही याडी, म्हणजे आई, तांड्यावर राह्यते. तिच्या गळ्यातल्या रुपयांच्या हारात एक रुपया जुन्या संस्थानाचा होता, लिलावात क्वचितच दिसणारा. त्याच्यावर माहा लय दिवसांपासून डोळा. पण याडी हात लावू देईन त शपथ! तिच्या मायनं लग्नात घातलेला ना तो.

अन् यंदा तिनंच सोनाराकडून त्याची कडी काढून आणली अन् माह्या हातावर ठेवला. "इक," म्हणे.

कारण मावशी. तिले मुकुटबनकडं देली हाय. रोज सकाळी चहा झाला का दोघी बहिणींचा फोन चाले. मंग मावशीले ऐकू येईनासं झालं. याडी इतकी वरडे, का अख्ख्या तांड्याले घरची खबर कळे, एका मावशीले सोडून. शेवटी मावशीनं फोन उचलणंच बंद केलं. त्या दिवसापासून याडीचा चहा तसाच थंडा होऊन राह्यलता. तिले बहिणीसाठी कानाची मशीन पाह्यजे होती, बस.

मी फोटो काढला. रुपया काळपट, जुनेपणाची साय धरलेला, हौशी लोकांले लागते तसाच. रुपया रातभर तांड्यावर याडीपाशीच ठेवला. दुसऱ्या दिवशी वजन कराले गेलो, त रुपया लखलख! याडीनं चिंच अन् राख लावून घासून काढलता.

"अवं, घात केला तू! अर्धी किंमत गेली याची!"

"वा रे वा! दुसऱ्याच्या घरी जाणारी चीज मळकी देतेत का? पोरीले बी न्हाऊ घालूनच सासरी धाडतेत."

मी कपाळावर हात मारला. मंग आठवलं, कालचा फोटो हायच की! तोच टाकतो म्हणलं. याडीनं माह्याकडं असं पाह्यलं, का मी खालीच पाह्यलं.

"नवा काढ. घासला म्हणून लिही. कडीचा डाग बी दाखव. घेणाऱ्यानं हाती घेऊन शिवी देली, त ती माह्या बहिणीच्या कानात जाईन."

राग त होताच मले. पण काय बाई हाय बाप्पा, असंही वाटून राह्यलं होतं. मी इतके लिलाव पाह्यले, स्वतःच्या मालाचा डाग असा पुढं करणारं माणूस काही दिसलं नाही. मी तसंच लिहिलं: चिंचेनं घासलेला, मागं कडीचा डाग.

आधी कोणी ढुंकून पाह्यलं नाही. याडी रोज इचारे, "आले का पोरीले पाव्हणे?" शेवटच्या दिवशी मात्र दोघं भिडले! एकानं बोली लावली का दुसरा वर चढे. मी दुकानात उभाच, याडी बी त्या दिवशी आलती. याडीले काही समजत नव्हतं, पण ती माह्या तोंडाकडं पाहून हसून राह्यलती. एवढं होऊन एकाच कानाच्या मशीनपुरतं जमलं.

दुसऱ्या कानाचं मी टाकतो म्हणलं, त म्हणे, "राहू दे. बोलाले एक कान पुरते. दुसरा चुगल्यांचा."

मशीन बसली त्या सकाळी याडीनं माह्यापुढंच फोन लावला. सवयीनं पोटातून वरडली, "बाई! ऐकू येते का?"

तिकडून मावशी चिडली, "वरडतं कायले? बहिरी हाय का मी?"

याडी पदर तोंडाले लावून रडून राह्यली, अन् मावशी तिकडून, "हॅलो, हॅलो! आता तुले ऐकू येत नाही का?" मले बी रडू आलं, कायले लपवू. मंग याडीनं नाक पुसलं, चहाचा घोट घेतला अन् हळूच इचारलं, "तुह्याकडं चिंच पिकली का यंदा? माही सरली."