साठ दिवसांचं कुलूप

पेन्सिल ब्लेडनं तासतो, तीही उभ्याउभ्या, खाली वर्तमानपत्र पसरून. चहा आला की आधी कपाची सावली बघतो. कुणाचंही चित्र हातात घेण्याआधी हात धुतो. लग्नात, बँकेच्या रांगेत समोरच्याचे कान वहीत काढतो. नाक कधीच नाही. एखादं काम झालं असं म्हणत नाही. "होत आलंय," म्हणतो.

हा दिग्विजय मोहिते. वय छत्तीस. घर बडोद्यातल्या वाडी भागात, नोकरी तिथल्याच गोरव्याच्या एका कारखान्यात, व्हॉल्व्हची ड्रॉइंग्ज काढण्याची. पणजोबा संस्थानच्या फौजेत होते. मी त्याच्याहून बारा वर्षांनी लहान, साहित्याची पदवी घेतलेली. गेलं वर्षभर त्याच्या वेबसाइटवरची वाक्यं लिहिते आहे. हा माणूस कसा चालतो ते मला अजून कळलेलं नाही.

चित्रकलेच्या कॉलेजात प्रवेशासाठी पोर्टफोलिओ लागतो, म्हणजे आपल्या चित्रांचा निवडक संच. तो कसा करायचा हे बहुतेक मुलांना सांगणारं कुणी नसतं. दिग्विजयच्या वेबसाइटवर मुलं चित्रं टाकतात, तो सुधारणा सुचवतो आणि शेवटी वेबसाइट चांगल्या पानांची एक फाइल बांधून देते. ती कॉलेजच्या अर्जाला जोडायची. कल्पना चांगली होती. अजूनही आहे.

पहिल्या वर्षी मुलांनी महिन्याभराची रेखाटनं एका दुपारी उरकली आणि खाली वेगवेगळ्या तारखा घातल्या. दिग्विजयनं ते लगेच ओळखलं. अठराव्या वर्षी त्यानं स्वतः तेच केलं होतं. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी पानं उलटत विचारलं होतं, "हे सगळं कालच काढलंस ना?" त्याला प्रवेश मिळाला नाही.

म्हणून यंदा त्यानं वेबसाइटला कुलूप बसवलं. रोज एक रेखाटन, आणि त्याचा फोटो त्याच दिवशी टाकायचा. सलग साठ दिवस. एक दिवस चुकला की मोजणी पुन्हा एकपासून. साठ भरल्याशिवाय फाइल मिळणार नाही. माणसं आजारी पडतात, असं मी तेव्हाच म्हटलं होतं. नंतर बघू, म्हणाला.

शौर्य नावाच्या मुलानं साठ दिवस एकच मग काढला. कधी त्याचा कान डावीकडे, कधी उजवीकडे. शौर्यची फाइल उघडली.

शलाकाची उघडली नाही. शलाका गोरव्याची, वडील रिफायनरीत. एक्केचाळीस दिवस तिनं एकही चुकवला नव्हता. मग आजोबा वारले आणि सगळं घर खानदेशातल्या गावी गेलं, तेरा दिवसांसाठी. तिथे रेंज नाही. तिनं रोज काढलं, पण एकही फोटो वर गेला नाही. बडोद्याला परतली तेव्हा मोजणी एकवर आली होती. आता अर्जाची मुदत चार दिवसांवर आणि तिची मोजणी नऊवर.

ती स्केचबुक घेऊन वाडीत आली. गावची तेरा पानं नुसत्या हातांची होती. सुतकाच्या घरात बसलेल्या बायकांचे हात. गहू निवडणारे, पदर सावरणारे, नुसतेच मांडीवर पडलेले. दिग्विजय हात धुऊन आला. एका पानावर तो खूप वेळ थांबला.

"ही तुझी सगळ्यात चांगली पानं आहेत."

"मग उघडा ना, दादा."

"एकीला उघडलं तर कुलूप कशाला लावलं?"

"कुलूप तुझं, किल्ली तुझ्या खिशात," मी म्हटलं. "तुला कोण विचारणार आहे?"

"तसं नाही चालत. सुटीची सोय करायला हवी. व्यवस्थित."

"चार दिवसांत?"

"थई जशे," तो म्हणाला. होऊन जाईल, म्हणजे. स्वतःचीच खात्री नसली की तो गुजरातीत बोलतो.

पहिला दिवस सुटीचं कारण यादीतून निवडायचं की मुलांनी स्वतः लिहायचं, यात गेला. दुसऱ्या दिवशी त्यानं आजारपण आणि मृत्यू यांना वेगळे रंग दिले. तिसऱ्या दिवशी कारखान्यातून जेवणाच्या सुटीत मला फोन केला. वेबसाइटवरच्या त्या पानाला नाव 'सुटी' द्यावं की 'खंड'?

"'आजोबा वारले' असं दे," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

चौथ्या दिवशी त्यानं रजा टाकली. अर्ज पाच वाजता बंद होणार होता. दुपारी दोनला तो अजून चौकटीची जाडी ठरवत होता. मी शलाकाला बोलावून घेतलं, तिला गच्चीवर नेलं आणि माझ्या फोननं पानांचे फोटो काढायला लागले. वाऱ्यानं पानं उडत होती. दिग्विजयच्या आई चादर घेऊन वर आल्या, ती पसरली आणि पानांच्या कडा दाबून बसल्या.

"पाच मिनिटांत येतो म्हणालाय, म्हणजे येत नाही," त्या म्हणाल्या. "पणजोबा गड वेढायचे म्हणे. हा स्वतःलाच वेढून बसलाय."

साडेतीनला तो वर आला. माझ्या मागे उभा राहिला. त्याला ते बघवेना.

"उन्हात नको. शिसं चमकतं."

त्यानं पानं टाकीच्या सावलीत नेली. फोन माझ्या हातातून घेतला. एकेक पान सरळ धरून, तीन-तीनदा टिपलं. क्रमही त्यानंच लावला. मांडीवरचे हात मी पहिले ठेवले होते, त्यानं चौथे केले. आधी डोळा स्थिर व्हायला हवा, म्हणाला. मग मी फोनमध्येच फाइल बांधली आणि चार चाळीसला शलाकानं ती पाठवली. ज्या वेबसाइटसाठी आम्ही वर्ष घातलं, ती यात कुठेच नव्हती. हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "हो, पण हे घाईचं काम."

शलाकाला मुलाखतीचं बोलावणं आलं. तिनं पहिला फोन त्यालाच केला. तो मनापासून खूश झाला. मग माझ्याकडे वळून विचारलं, सुटीच्या अर्जाला पुरावा मागावा का.

कुलूप तसंच आहे. सुटीचं पान मी काल उघडून पाहिलं. वर 'कारण लिहा' असं आहे. खाली लिहायला चौकट आहे, तिला बारीक करडी कड. पाठवायचं बटण अजून नाही.