ताईच्या नावाचं बक्षीस

बटण दाबलं की डोक्यावरचा पिवळा दिवा लागतो आणि धून वाजते. लहान मुलांच्या खेळण्यातून निघावी तशी टिंगटिंग धून. कारखान्याच्या अख्ख्या शॉपला कळतं की कुणीतरी जागा सोडायची परवानगी मागतंय. मी ते दाबलं. कामाला लागून मला महिनाही झाला नव्हता.

लाइन लीडर शिंदे आला. त्याने माझ्याकडे नाही, दिव्याकडे पाहिलं.

"काय झालं?"

"सर, टॉयलेटला जायचंय."

"आत्ता? जेवणाची सुट्टी होईलच की." मग पलीकडच्या लाइनच्या लीडरला ऐकू जाईल असं म्हणाला, "काय राव, ही बीए झालेली. पुस्तकं वाचते म्हणे. आणि एवढासा ताबा नाही." मग माझ्याकडे वळून, "तुझी ताई बघ जरा. तिचा दिवा कधी लागलेला बघितलाय का कुणी?"

त्याने दिवा बंद केला आणि निघून गेला.

चाकणच्या त्या कारखान्यात आम्ही बायका गाड्यांच्या आतल्या वायरींचे गुच्छ बांधायचो. समोरून फळ्या सरकत येतात. प्रत्येकीने आपल्या वाट्याच्या वायरी फळीवरच्या खुंट्यांमधून ओढायच्या, टेप गुंडाळायची, तोवर पुढची फळी येते. जागा सोडली तर लाइन थांबते. ती थांबू नये म्हणून एक रिलिव्हर असते, ती तेवढा वेळ तुमच्या जागी उभी राहते. अख्ख्या लाइनला एक. आणि तिलाही बहुतेक वेळा कुठल्यातरी गैरहजर बाईच्या जागी उभं केलेलं असायचं.

मी वायरी ओढत राहिले. निळी, काळी, पांढरी. मग ते झालं. मांडीवरून, सलवारीतून, बुटात. फळी थांबली नाही. मीही थांबले नाही.

शिंदे लांबूनच ओरडला, "हाउसकीपिंग, इथं पाणी सांडलंय."

कांताबाई फडकं घेऊन आली. ती कारखान्याशेजारच्या कुरुळीचीच, जुन्या गावातली. कारखान्याच्या आधी तिथे काय काय होतं ते तिला माहीत होतं, आणि आता ती त्याच जमिनीवर फरशी पुसत होती. ती वाकली आणि म्हणाली, "पाय उचल." मग आणखी हळू, "कामावर पाणी प्यालीस व्हय? तोंडात घ्यायचं, चूळ भरायची, थुकायचं. गिळायचं न्हाई. ताईनं सांगितलं न्हाई तुला?"

तो तिथला नियम होता. कुठे लिहिलेला नव्हता. जुन्या बाया नव्या पोरींना पहिल्या आठवड्यात शिकवायच्या. चहा टाळायचा. वेलदोडा चघळायचा. घसा कोरडा पडला तर चूळ.

माझी ताई दोन जागा सोडून उभी होती. तिने मान वर केली नाही.

कुरुळीतल्या आमच्या खोलीवर संध्याकाळी मी रडले तेव्हा तिने माझी सलवार माझ्या हातातून घेऊन स्वतः धुतली. दोरीवर टाकताना म्हणाली, "मनाचं असतंय सगळं. ठरवलं की होतंय. तू पण शिकशील."

ताईबद्दल सांगायला हवं. आम्ही लातूरकडच्या. दहावीनंतर ती एकटी या भागात आली आणि लाइनवर उभी राहिली. तिच्या पगारावर मी राजगुरुनगरच्या कॉलेजात शिकले. बीए होऊन कुठे नोकरी मिळेना, तेव्हा तिनेच शब्द टाकून मला इथे कंत्राटावर लावलं. ती माझ्यापेक्षा हुशार होती. हे मी बहीण म्हणून म्हणत नाही. तिला एकदा दाखवलेलं काम दुसऱ्यांदा दाखवावं लागत नसे. आणि तिच्यात जिद्द होती. खरी, भरभक्कम जिद्द. ती दिवसभर पाणी प्यायची नाही, दिवसभर जायची नाही, आणि तिला त्याचा अभिमान होता. गेटजवळच्या बोर्डावर आदर्श कर्मचारी म्हणून तिचा फोटो लागला होता. फोटोत ओठ फुटलेले स्पष्ट दिसतात.

त्याच वर्षी कंपनीने आमच्यासाठी एक माणूस आणला. व्यक्तिमत्त्व विकास. कँटीनमधली टेबलं बाजूला सारून आम्हाला खाली बसवलं. पांढरे बूट, कानाला लावलेला माइक. येतानाच हसत आला. आमच्याकडून त्याने म्हणवून घेतलं, "माझं आयुष्य ही माझी निवड आहे." आम्ही म्हटलं. "आवाज येत नाही." आम्ही पुन्हा म्हटलं.

"शरीर मागत असतं," तो म्हणाला. "मन ठरवतं. ज्याचं मन ठरवतं तो मालक. ज्याचं शरीर ठरवतं तो गुलाम." एचआर मॅडमनी त्याच्या कानात काहीतरी सांगितलं. मग त्याने ताईला उभं केलं. "बघा, ही तुमच्यातलीच. हिने कधी लाइन सोडली नाही. याला म्हणतात इच्छाशक्ती. टाळ्या." टाळ्या झाल्या. ताई पदराशी खेळत उभी होती आणि तिचा चेहरा उजळला होता. तो उजळलेला चेहरा मला अजून सहन होत नाही.

बोलता बोलता तो दर थोड्या वेळाने बाटलीतून पाणी पीत होता. पुढे एका मोठ्या वाक्याच्या मध्येच थांबला आणि बाजूच्या माणसाला म्हणाला, "वॉशरूम कुठंय?" शिंदे धावतच पुढे झाला, "या सर, या." आम्ही बसून राहिलो. तो परत आला, हात रुमालाला पुसले आणि वाक्य जिथे तुटलं होतं तिथून पुढे चालू केलं. वाक्य मनाच्या ताब्याबद्दल होतं. कुणीही हसलं नाही. आम्हाला त्यात हसण्यासारखं काही आहे हेच दिसलं नाही. इतकं आमचं शिक्षण पक्कं झालं होतं.

जाताना त्याने स्वतःचं पुस्तक वाटलं. मी हाती लागेल ते वाचते, तेही वाचलं. पहाटे उठा. ध्येय लिहा. नाही म्हणायला शिका. त्या पुस्तकातल्या एकाही माणसाला शिफ्ट नव्हती. एकालाही कुणाला विचारून उठावं लागत नव्हतं. लेखकाला जगातले सगळे दरवाजे आतून उघडतात असं वाटत असावं.

त्या पावसाळ्यात ताईची कंबर दुखायला लागली. मग थंडी वाजून ताप. ती गोळी घ्यायची आणि जायची. मी म्हटलं, सुट्टी घे. "ठरवलं की होतंय." अशाच एका सकाळी ती लाइनवर कोसळली. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई दमलेल्या होत्या, पण त्यांनी नीट विचारलं.

"पाणी किती पिता दिवसभरात?"

"कामावर पीत नाही," ताई म्हणाली.

"का?"

ताईने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं ती आता सांगेल. ती म्हणाली, "सवय नाही."

लघवीचा जंतुसंसर्ग जुना होता. अंगावर काढला होता. मूत्रपिंडात गेला, तिथून रक्तात. ताई घरी आली नाही.

तिचं दिवसकार्य झाल्यावर एचआर मॅडम खोलीवर आल्या. बरोबर ताईचा मोठा केलेला फोटो होता, बोर्डावरचाच. त्या जमिनीवर बसल्या, साडी आवरून घेतली. म्हणाल्या, वार्षिक कार्यक्रमात ताईच्या नावाने बक्षीस सुरू करायचं ठरलंय. संयम पुरस्कार. वर्षभर जिचा दिवा सगळ्यात कमी लागेल तिला. "पहिलं बक्षीस तुझ्या हातून द्यायचं. आणि दोन मिनिटं बोल तिच्याबद्दल. तू लिहिती-वाचती आहेस. तिची इच्छाशक्ती नव्या मुलींपर्यंत पोहोचली पाहिजे." उठताना दारात थांबून म्हणाल्या, "तुझ्या परमनंटचंही बघतोय आम्ही."

मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. मी मान हलवली. त्यांनी त्याचा हवा तो अर्थ काढला.

मी लिहायला बसले. मी हळू लिहिते. एक वाक्य लिहायचं, पाहत बसायचं, खोडायचं. "माझ्या ताईने निवडलं" इथवर यायचे आणि थांबायचे. काय निवडलं? निवडायला निदान दोन गोष्टी समोर लागतात. तिच्यासमोर एक धून होती आणि एक शिंदे होता. एका बाजूला सगळ्यांदेखत मान खाली घालणं, दुसऱ्या बाजूला दाबून धरणं. याला हे लोक निवड म्हणतात. आणि त्यातल्या त्यांच्या सोयीच्या बाजूला गेलं की त्याला इच्छाशक्ती म्हणतात.

पण माझा संताप इथे थांबत नाही. ताईची इच्छाशक्ती खोटी असती तर मला इतकं लागलं नसतं. ती खरी होती. एवढी ताकद असलेलं दुसरं माणूस मी पाहिलेलं नाही. त्या ताकदीवर ती शिकली असती, दुकान टाकलं असतं, नाहीतर नुसती उन्हात पाय पसरून सुखात बसली असती. ती सगळी ताकद त्यांनी तिला मूत्राशय आवळून धरण्यात घालवायला लावली. एक रिलिव्हर वाचावी म्हणून. मग तिला बोर्डावर लावलं. आता ते तिला बक्षीस करणार होते, म्हणजे पुढच्या पोरी तिच्याकडे बघून पाणी पिणं सोडतील. आणि ती पोरींना दाखवायची माझ्या तोंडून.

ते दोन मिनिटांचं भाषण मी लिहिलं नाही. त्याऐवजी दुसऱ्या दिवशी कामावर बाटली भरून नेली आणि जागेवर उभी राहून पाणी प्याले. गिळलं. शेजारच्या बायका बघत राहिल्या. थोड्या वेळाने लघवीला लागली. मी बटण दाबलं. धून वाजली. बटणावरचं बोट मागे घ्यावं असं मनातून सारखं वाटत होतं, आणि मी ते घेतलं नाही. त्या पांढऱ्या बुटांच्या माणसाने आयुष्यभर ज्याच्यावर भाषणं दिली ते हेच असावं. त्याला त्याची कधी गरजच पडली नसणार. रिलिव्हर आली नाही. मी वायर खाली ठेवली आणि चालायला लागले. मागे लाइन थांबली. इतकी शांतता मी त्या शॉपमध्ये कधी ऐकली नव्हती.

शिंदे दाराशी आडवा आला. "कुणाला विचारून?"

"लघवीला चालले."

"विचारलंस कुणाला?"

"तुम्ही विचारता का कुणाला?"

तो बाजूला झाला. का झाला ते मला माहीत नाही. कांताबाई आत फरशी पुसत होती. "आगं बया," ती म्हणाली. "सरळ लघवीच म्हणालीस की त्याला." आणि फडक्याने तोंड झाकून हसली. मग हसता हसता थांबली. "काढतील तुला."

"हो."

मी रोज पाणी प्याले. रोज गेले. शिंदेने माझ्याशी बोलणं सोडलं. एचआर मॅडमनी बोलावून घेतलं. "ताईचं नाव खराब करतेस," त्या म्हणाल्या. "कार्यक्रम होईपर्यंत तरी नीट वाग." त्यांना अजूनही वाटत होतं की मी बोलणार आहे. परमनंटसाठी माणूस काय काय बोलतो ते त्यांनी पाहिलेलं असणार.

कार्यक्रमाला मंडप होता. बाहेरच्या कंपन्यांचे पाहुणे, फेटे, हार. प्रमुख पाहुणा म्हणून तोच माणूस, बूट तेच किंवा तसेच. ताईचा फोटो स्टेजवर, त्याला झेंडूची माळ. बक्षीस मिळणारी पोरगी माझ्यापेक्षा लहान होती. जालन्याकडची. ती खालच्या पायरीवर उभी होती आणि तिचे ओठ फुटलेले होते. माझं ठरलेलं होतंच. पण तिला पाहून उरलीसुरली भीती गेली.

माझ्या हातात माइक दिला. मी म्हणाले, "माझी ताई लघवी दाबून दाबून आजारी पडली आणि मेली. तिने हे निवडलं नव्हतं. तिच्या नावाने हे बक्षीस कुणालाही देऊ नका."

माइक बंद झाला. लगेच नाही. माझं बोलणं संपल्यावर. तो बंद करणाऱ्यालाही ते ऐकायचं असावं. मी फोटो उचलला, माळ तिथेच काढून ठेवली, आणि फोटो काखेत घेऊन मंडपातून बाहेर आले. प्रमुख पाहुणा खुर्चीत हलला. पुढच्या रांगेतले लोक आपापल्या फोनमध्ये बघायला लागले. मी लाज म्हणजे काय ते जाणते. ती लाज नव्हती. लघवी हा शब्द जेवणाआधी ऐकावा लागला याचा तो त्रास होता.

दुसऱ्या दिवशी सगळीकडे पिवळे दिवे लागले, असं काही झालं नाही. त्यांनी ते बक्षीस तिथेच दिलं, नुसतं ताईचं नाव गाळून. कंत्राटदाराचा कार्यक्रमाच्या संध्याकाळीच फोन आला. "मॅडम, उद्यापासून येऊ नका." मी का विचारलं नाही. त्याला उगाच खोटं बोलावं लागलं असतं. जालन्याच्या त्या पोरीने ट्रॉफी घेतली. तिला मी दोष देत नाही. तिच्याही मागे घरी कुणीतरी शिकत असेल.

आता मी दुसऱ्या कारखान्यात आहे. तिथेही दिवा आहे, तिथेही एकच रिलिव्हर आहे. मागच्या महिन्यात तिथेही एक गृहस्थ येऊन गेले. मनाची ताकद, सकारात्मक निवड. मी पहिल्या रांगेत बसले होते. मध्येच उठले, त्यांच्यासमोरून लघवीला जाऊन आले, आणि पुन्हा त्याच जागेवर बसले. त्यांच्या बोलण्याची ओळ तुटली. ती त्यांना सापडेना.

ताईबद्दल लोक अजून बोलतात. काही कौतुकानेही बोलतात, काय जिद्दीची बाई होती म्हणून. मी ऐकून घेत नाही. ती कशाने गेली हे मी सांगते, जसं झालं तसं, त्याच शब्दात. गेटवर सांगते, बसमध्ये सांगते, कुणाच्या लग्नात पंगतीत बसलेली असले तरी सांगते. लोकांचा घास हातात राहतो. राहू दे. तिच्या मरणाला कुणी सुंदर नाव दिलेलं मी चालू देणार नाही. माझ्यात जेवढी म्हणून इच्छाशक्ती आहे, ती मी यासाठी ठेवली आहे.