आठांपैकी दोन बोल्ट

चितेगावला माझं छोटं लेथचं वर्कशॉप आहे. मुलगी पीएचडी करते. पृथ्वीच्या पोटातला वितळलेला धातू वाहतो, त्यातून पृथ्वीचं चुंबकत्व तयार होतं. त्यातलाच एक भाग तिला प्रयोगशाळेत तपासायचा होता. भांड्यात गॅलियमचा पातळ मिश्रधातू, तो घुसळायला मोटरवर रवी, बाहेर थोडं चुंबकत्व द्यायला तारेचं वेटोळं आणि ते मोजायला सेन्सर. भांडं आणि रवी मी केली. तिची अट एकच: लोखंड कुठंही नको, सगळं स्टेनलेस.

शुक्रवारी जेवताना ती म्हणाली, "पप्पा, चौदा आलं! धातू फिरला की चुंबकत्व चौदा मायक्रोटेस्ला जास्त. सोमवारी आमचा लेख जातोय."

माझा घास तोंडातच राहिला. रवीला बोल्ट आठ. स्टेनलेसचे मी सहाच आणले होते. मग दोन कुठले?

"जेवण सोडून कुठं निघालात?" बायकोनं विचारलं.

"दोन बोल्ट बघायचेत."

"बोल्ट काय पळून चाललेत व्हय?"

वर्कशॉपमधल्या ट्रेमध्ये तसलेच चकचकीत बोल्ट पडले होते. जुन्या स्पीकरचं चुंबक जवळ नेलं. टक्कन चिकटलं. वरून मुलामा, आत लोखंड. रवीत ह्यातलेच दोन गेले होते.

घरी येऊन मुलीला सांगितलं.

"सोमवारनंतर सांगितलं असतं तर?"

"तर चौदा छापून आलं असतं."

शनिवारी सकाळी प्रयोगशाळेत माझ्यासमोर तिनं धातू काढून रवी रिकामीच फिरवली. काहीच यायला नको होतं. नऊ आलं. दोन वर्षांचं काम, आणि चौदातले नऊ माझ्या बोल्टांचे. ती माझ्याकडं बघत नव्हती.

दोन्ही बोल्ट बदलले. रिकामं पुन्हा फिरवलं: शून्य. आता धातू भरायचा.

"तो अ‍ॅल्युमिनियमचा स्टूल लांब घ्या, पप्पा. गॅलियमचा थेंब पडला तर भुगा होईल त्याचा."

मोटर सुरू केली आणि तिनं पाठ फिरवली. "तुम्हीच वाचा."

तीन, सहा, चार. आकडा थांबेना.

"पप्पा?"

"थांब जरा… पाच."

"पुन्हा वाचा."

"पाचच."

"आता उलटी फिरवते. धातूमुळं असेल तर उणे येईल."

मोटर थांबली, उलटी सुरू झाली. चष्मा पुसून मी दोनदा खात्री केली.

"उणे पाच."

तिनं वहीतल्या चौदावर काट मारली, पाच लिहिलं आणि पीएचडीच्या सरांना फोन लावला.

"सर, लेख थांबवा. आकडा चुकलाय. लहान आहे, पण खरा आहे."

मी पान्हा हातात धरून उभा होतो.