मिलिंदच्या गॅरेजमधली भुतं

दोन मराठी माणसं भेटली की मंडळ निघतं, आणि मंडळ निघालं की चहाच्या चोथ्यासारखे किस्से साचतातच. आमचं परदेशातल्या पापाटोएटो उपनगरातलं मंडळ जुन्या इटालियन भयपटांचं. रविवारी दुपारी मिलिंदची गाडी बाहेर, आम्ही गॅरेजात!

"आपल्या हिंदी सिनेमातलं धुकं, तळघर, लाल-निळा उजेड, सगळं यांच्याकडून आलंय," मिलिंद दर वेळी सांगतो. आम्ही दर वेळी नव्याने ऐकतो.

त्याची खंत एकच. त्याच्या पंधरा वर्षांच्या लेकीला, इराला, मराठी सगळं कळतं, पण बोलते फक्त इंग्लिश. "एकदा मराठीत भांडलीस तरी चालेल गं," म्हणतो बिचारा तिला.

*

त्या काळी सिनेमा परदेशी वाटावा म्हणून इटालियन दिग्दर्शक इंग्रजी नावं लावायचे म्हणे.

"त्यात काय विशेष?" हॅमिल्टनहून येणारा प्रसाद म्हणाला. "ऑफिसात मी सात वर्षं पीटर आहे!"

*

धुक्यासाठी मिलिंदने एकदा गॅरेजभर ऊद जाळला. अलार्म कोकलला. शेजारच्या माओरी आंटी धावत आल्या. आमच्या गणपतीतला वास त्यांनी ओळखला, पायातल्या जँडल्स दाराशी काढल्या, "किया ओरा" असा त्यांच्या भाषेतला नमस्कार म्हणत हात जोडून पुढे बसल्या. पूजाच वाटली त्यांना! पॉपकॉर्न दिले, तेही ओंजळीत घेतले. आता दर रविवारी येतात.

*

लाल उजेडासाठी मिलिंदने दिव्याला जिलेटीन पेपर गुंडाळला. त्याची बायको मेधा आली आणि तो सोडवूनच घेऊन गेली.

"गणपतीच्या डेकोरेशनचा आहे. खुनाला मिळणार नाही!"

त्या दिवशीचे सगळे खून आम्ही ट्यूबलाइटमध्ये पाहिले.

*

इटलीत तेव्हा बरेचदा शूटिंग मुकं व्हायचं, आवाज मागाहून भरायचे. हे कळल्यापासून मिलिंद सिनेमाचा आवाज बंद करतो आणि सगळ्यांचे संवाद स्वतःच मराठीत ठोकून देतो. परवा नेमका त्याचा घसा बसला. इरा मागे वॉशिंग मशीनमधून पोहण्याचे टॉग्ज काढत होती.

पडद्यावर नायक चिखलाचे बूट घालून तळघरात उतरला. शवपेटीचं झाकण सरकलं. चेटकीण उठून बसली, तिने तोंड उघडलं.

"बूट बाहेर काढ आधी!" मागून आवाज आला, थेट मेधाच्या सुरात. "आत्ताच फरशी पुसलीय मी!"

त्या दुपारी पहिल्यांदाच माझ्या अंगावर काटा आला.

मिलिंदने सिनेमा थोडा मागे नेला, चेटकिणीला परत पेटीत घातलं आणि इराकडे बघत प्लेचं बटण दाबलं.