राणीचा गूळ, नूरीचं गवत

माझी शेवटून दुसरी पोस्टिंग उत्तर सीमेवरच्या एका एटी कंपनीत झाली. एटी म्हणजे ॲनिमल ट्रान्सपोर्ट. जिथे गाडी जात नाही आणि हेलिकॉप्टर हवामानाची मर्जी सांभाळत बसतं, तिथे रेशन, रॉकेल आणि दारूगोळा खेचरांच्या पाठीवरून जातो. जागेचं नाव सांगत नाही, विचारूही नका. मी हवालदार, ट्रेड फेरियर, म्हणजे नालबंद. गावाकडे हे सांगितलं की समोरच्याचा चेहरा पडतो. त्याला बंदुकीची गोष्ट ऐकायची असते. माझ्या हातात सतरा वर्षं कानस होती आणि मला त्याची लाज वाटत नाही.

दिवस ठरलेला. ०४३० ला उठणं, ०५०० ला जनावरांना पाणी, ०५३० ला खुरांची तपासणी. प्रत्येक खेचराच्या खुरावर नंबर डागलेला असतो. खूर नखासारखा वाढतो, नंबर खाली सरकत जातो, मग पुन्हा डागायचा. ते काम माझं. ४१७ नंबरची खेचरी ज्याच्या ताब्यात होती तो सिपाही भिकन, आमच्याच शिंदखेडा तालुक्यातला, माझ्या गावापासून दोन कोसांवरचा. तो ड्रायव्हर होता, पण गाडीचा नव्हे, खेचराचा. त्यानं तिचं नाव राणी ठेवलं होतं आणि तो तिच्याशी फक्त अहिराणीत बोलायचा. त्यामुळे हिंदीत दिलेली ऑर्डर ती कानावरही घेत नसे. आमच्या सुभेदारसाहेबांना एकदा तिच्यासमोर उभं राहून "चाल माय, चाल" म्हणावं लागलं होतं. कंपनी महिनाभर हसत होती.

ज्या दिवसाबद्दल सांगतोय त्या दिवशी भिकनची सुट्टी चार दिवसांवर आली होती. तपासणीच्या वेळी मी राणीचा पाय उचलून धरला होता आणि हा पठ्ठ्या नाश्त्याच्या दोन्ही पुऱ्या तिला चारत होता. मी त्याला झापलं. खायचं त्यानं, चढायचं त्यानं, आणि पुऱ्या जनावराला.

"मी मंग खाई लिसू," तो म्हणाला. "भाऊ, मी सुट्टीवर जासू तं मनी राणीवर ध्यान ठेवजो."

मी म्हटलं, ठेवतो, आता पाय नीट धरू दे. ०६०० ला बारा जनावरांचा कॉन्व्हॉय निघाला. वरच्या पोस्टवर एका जवानाचा पाय मोडला होता. परतीच्या वाटेवर त्याला राणीच्या पाठीवरून खाली आणायचं ठरलं, कारण पाय टाकण्यात तिच्याइतकं भरवशाचं दुसरं जनावर आमच्याकडे नव्हतं. मी बेसवर वायरलेसच्या तंबूबाहेर नाल ठोकत होतो. ११४० ला सेट बोलला. चार्ली म्हणजे आमचा कॉन्व्हॉय.

"बेस, हे चार्ली. नाल्याजवळ बर्फ सुटला. ओव्हर."

"चार्ली, नुकसान सांगा. ओव्हर."

थोडा वेळ नुसती खरखर झाली.

"एक जनावर खाली येतंय. जखमी पाठीवर आहे. ड्रायव्हर नाही. ओव्हर."

१२५५ ला राणी आली. एकटी, चार किलोमीटर उतरून, पाठीवर बांधलेला जवान शुद्धीत. त्यानं सांगितलं की वरून आवाज आला तसा भिकननं दोर तिच्या मानेवर फेकला, पुठ्ठ्यावर थाप मारली आणि ओरडला, "चाल राणी." तो स्वतः दोन पावलं मागे होता. त्याचा देह तिसऱ्या दिवशी मिळाला.

आता माझी गोष्ट. त्या दुपारी अख्खी कंपनी राणीभोवती जमली. कुणाला रडता येत नव्हतं, म्हणून सगळे तिला खाऊ घालत होते. गूळ, चणे, शक्करपारे. लंगरचा, म्हणजे कंपनीच्या स्वयंपाकघराचा, कुक परातभर शिरा घेऊन आला. दमलेल्या, तापलेल्या जनावराला दाणा आणि गोड द्यायचं नाही, हे पहिल्या महिन्यात शिकवतात. त्या गर्दीत ते सर्वांत चांगलं मला माहीत होतं. आणि मी स्वतः, माझ्या हातानं, तिला गुळाची अख्खी ढेप फोडून चारली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती पुढचे पाय लांब टाकून, भार मागे घेऊन उभी होती. खूर हाताला गरम लागत होते. याला लॅमिनायटिस म्हणतात. खुराच्या आतलं हाड खुराच्या भिंतीला धरून असतं. पोटात गोड आणि दाणा अति झाला की ती पकड सुटते आणि हाड खाली झुकतं. आमच्या कॅप्टनसाहेबांनी, ते जनावरांचे डॉक्टर, सोळा दिवस प्रयत्न केले. सतराव्या दिवशी हाड तळव्यातून बाहेर आलं. ०९१० ला तिला गोळी घालण्यात आली. दोर मी धरला होता.

सुट्टीवर आलो तेव्हा भिकनच्या घरी गेलो. त्याच्या आईला सगळा गाव अक्का म्हणतो. मुलाचं सगळं ऐकून घेतल्यावर तिनं विचारलं, "ती राणी कशी शे?" भिकनच्या प्रत्येक फोनमध्ये राणी असायची. मी म्हणालो, "बरी शे अक्का. आरामात शे." त्यानंतर दर वर्षी, भिकन गेला त्या तारखेला, मी तिच्याकडे जात राहिलो, दर वर्षी ती हेच विचारत राहिली आणि मी हेच सांगत राहिलो.

निवृत्तीनंतर नरडाण्याजवळ घर बांधलं आणि नाल ठोकणं सोडलं. त्याला कारण ठेलारींची तट्टं. हे मेंढपाळ आपला संसार तट्टांच्या पाठीवर लादून धुळे जिल्हा उभा-आडवा तुडवतात. दगडधोंड्यांतून चालतात, वाळलं गवत खातात, पायात नाल नसते, आणि मी त्यांच्यात एकही लंगडं तट्टू पाहिलं नाही. मी त्यांच्यामागे हिंडलो. प्रत्येक तट्टाचा खूर उचलून बघायचो; ते लोक मला येडा फौजी म्हणायचे. बघून बघून शिकलो: टाच किती खाली हवी, पुढची धार कशी गोल झिजते. मग लंगड्या घोड्यांची नाल काढून, त्याच आकारात खूर कापायला आणि खाणं बदलायला लागलो. काही घोडे बरे झाले. बोलावणी येऊ लागली.

गेल्या वर्षी वैशाखात रावेरहून हमीदभाईंनी फोनवर एक व्हिडिओ पाठवला. हमीदभाई वरातीला घोडी देतात. त्यांच्या वडलांचाही हाच धंदा. व्हिडिओत त्यांची पांढरी घोडी नूरी उभी होती. पुढचे पाय लांब, भार मागे. मी फोन उलटा करून ठेवला आणि चहा न पिता बाहेर जाऊन बसलो. दुसऱ्या दिवशी गाडी पकडली. माझी लेक दीपनगरला राहते, जावई वीज केंद्रात आहे. महिनाभर तिच्याकडे मुक्काम टाकायचा आणि रोज सकाळी रावेर गाठायचं, असं ठरवलं.

जनावरांच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला होता. हाड झुकलं होतं, तळवा अजून शाबूत होता. महिन्यात फरक पडला नाही तर तिला कायमचं झोपवावं, तिचे हाल करू नयेत, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. हमीदभाई मला सांगत होते, की आपण कधी तिला चाबूक दाखवला नाही. मी विचारलं, खायला काय दाखवता? तर केळीच्या पॅकिंग शेडमधून नाकारलेली केळी रोज टोपलीभर. शिवाय लग्नसराईत रोज एक वरात, आणि प्रत्येक दारात बायका घोडीला ओवाळून भिजलेली चण्याची डाळ आणि गूळ खाऊ घालणार. शकुनाचं खाणं. त्याला नाही म्हणायची रीत नाही. हमीदभाई हे अभिमानानं सांगत होते. मला राग आला, पण कुणावर काढणार? परातभर शिरा मीही पाहिला होता.

ऑर्डर दिल्या. केळी बंद, चणे बंद, गूळ बंद. सातपुड्याच्या पायथ्याचं वाळलं गवत तासभर पाण्यात भिजवायचं, म्हणजे त्यातली साखर उतरते, आणि ते पाणी फेकून द्यायचं. मिठाचा खडा समोर ठेवायचा. तबेल्यात नदीची वाळू टाकायची, वीतभर. नाल काढली. खुराची पुढची धार मागे घेतली, टाच थोडी उतरवली, एका दिवसात जास्त नाही. जुन्या गादीचा फोम आणि ट्रॅक्टरची ट्यूब कापून तिला बूट केले. ते बूट बघून वरातीचे बँडवाले हसले. नवव्या दिवशी नूरीनं भार पुढे घेतला. बाविसाव्या दिवशी ती वाळूत स्वतःहून चार फेऱ्या चालली आणि हमीदभाईंनी माझा हात धरून ठेवला.

सव्विसाव्या दिवशी ०७४० ला तबेल्यात शिरलो तर ती पुन्हा मागे झुकून उभी. खूर गरम. मला वाटलं, माझीच कानस जास्त चालली. मी खाली वाळूत बसून चारही खूर पुन्हा पाहिले आणि तिथे बसल्यावरच गव्हाणीच्या कडेला चिकटलेली डाळ दिसली. ओली होती. बोट लावून चाटली. गोड होती.

हमीदभाईंनी कबूल केलं. पेठेतल्या किराणावाल्या मारवाडी शेठजींच्या आई, त्यांना सगळे मांजी म्हणतात, मंदिरातून परतताना पाच दिवसांपासून येत होत्या. धाकट्या नातवाचं लग्न मार्गशीर्षात ठरलं होतं. घोडी बरी व्हावी म्हणून त्या रोज तिला शकुनाची डाळ चारत होत्या.

"फौजीभाई, त्यांना नाही कसं म्हणू?" हमीदभाई म्हणाले. "त्यांच्या घरचे तीन नवरदेव नूरीवर बसलेत."

मी तडक दुकानावर गेलो. चांगलं खडसावायचं ठरवून गेलो होतो. मांजी गल्ल्यामागे पाटावर बसल्या होत्या, ऐंशीच्या घरातल्या. त्यांनी आधी मला पाणी दिलं आणि घोडी कशी आहे ते विचारलं. अगदी अक्काच्या सुरात. मग मला खडसावता आलं नाही. मी त्यांना राणीची गोष्ट सांगितली. गुळाची ढेप कुणी फोडली तेही सांगितलं. तोवर मी ते कुणालाच सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही.

"म्हणजे मी तिला मारत होते," मांजी म्हणाल्या.

"मीही असंच मारलं, मांजी. जीव लावूनच."

दुसऱ्या दिवशी मी पोहोचलो तेव्हा मांजी तबेल्याच्या दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या, हातात काठी. आत जाणाऱ्याची पिशवी तपासत होत्या. माझीही तपासली, लेकीनं दिलेला डबा बाहेर ठेवायला लावला. सतरा वर्षांत इतका कडक संतरी मी पाहिला नाही. केळीची टोपली घेऊन आलेल्या शेडवाल्याला त्यांनी रस्त्यावरूनच परत पाठवलं. डॉक्टरांनी आणखी तीन आठवडे द्यायचं कबूल केलं. पाचव्या दिवशी खूर निवले.

त्यानंतर मी दर महिन्याला जात राहिलो. खूर वरून नवा, सरळ येत होता. मार्गशीर्षात वरात निघाली. हमीदभाई म्हणत होते, ती नवरदेव सहज उचलेल. मी नाही म्हणालो. नवा खूर अजून अर्धाच उतरला होता. हळद लागलेल्या घरात काय गोंधळ उडाला असेल ते सांगत नाही. शेवटी मांजींनी निकाल दिला: नूरी सजून पुढे चालेल आणि नवरदेव तिचा लगाम धरून सोबत चालेल. नवरदेवाची जोधपुरी मोजडी त्याला चावत होती. पेठेतून मंदिरापर्यंत दोघांत कोण लंगडत होतं म्हणाल, तर नवरदेव. नूरी बिननालेची, चारही पायांवर सारखी चालली. दारात मांजींनी ओवाळलं आणि थाळीतून तिला मूठभर भिजवलेलं गवत दिलं. माझे डोळे भरून आले आणि मी ते पुसले नाहीत.

त्यानंतर आठवड्याभरात ती तारीख आली. मी अक्काकडे गेलो. ती ओट्यावर बाजरी निवडत होती. तिनं नेहमीचा प्रश्न विचारायच्या आधीच मी सगळं सांगितलं. राणी केव्हा गेली, कशानं गेली, कुणाच्या हातानं. इतकी वर्षं खोटं बोललो हेही. तिचे हात सुपात थांबले.

"म्हंजे भुकी नही मरनी," ती म्हणाली.

"नही अक्का. त्या दिन तिना पोटमा भिकनन्या पुऱ्या बी व्हत्या." त्या सकाळचं मग सांगितलं.

"तो असाच व्हता. घरमा बी आपली भाकर बैलले दी टाके." तिनं पदरानं तोंड पुसलं आणि पुन्हा बाजरीत हात घातला. "आते ती रावेरनी घोडी चालस ना?"

"चालस."

"मंग तिनी खबर सांगत जाजो माले."

भिकनचा फोटो तिच्या ओट्यावरून आत दिसतो, ओव्हरकोटातला. त्याच्या खांद्यामागे राणीचं अर्धं तोंड आलं आहे, कारण तिला तिथून हलायला सांगितलं तेव्हा कुणीतरी हिंदीत सांगितलं असणार. मी उठलो, दोघांना सॅल्यूट केला आणि निघालो. काल पुन्हा ती तारीख होती. अक्कानं विचारलं, घोडी कशी आहे. मी सांगितलं, बरी आहे, आणि फोनवर तिला नूरी चालताना दाखवली.